रिम जुनी, टायर कुठून आणायचा?

जुन्या मोटारीच्या टायरची किंमत गाडीच्या वयावर ठरत नाही. त्या मापाचा टायर आज आणखी कुठल्या चालत्या वाहनाला लागतो, यावर ठरते. १९४० च्या दशकातली शेवरोले किंवा फोर्ड व्ही-एट घ्या. दोन्हींचं माप ६.००-१६. विलीज जीपचं आणि महिंद्राच्या जुन्या जीपचंही तेच. आपल्याकडे जीप गावोगावी चालल्या, त्यामुळे हा टायर अजून बनतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा डीलर तो मागवून देतो. याउलट फोर्ड मॉडेल टीचा ३० × ३½ मापाचा टायर आज रस्त्यावरच्या कुठल्याही वाहनाला लागत नाही. जगात मोजके लोक तो बनवतात आणि भावही तेच ठरवतात.

म्हणून स्वस्त टायरचा शोध दुकानात सुरू होत नाही. तो आपल्या रिमच्या मापापासून आणि त्या मापाचा एखादा हयात नातलग शोधण्यापासून सुरू होतो. नातलग सापडला तर काम हजारांत भागतं. नाही सापडला तर आयातीला पर्याय नाही, आणि ती वाट महागही आहे आणि कागदपत्रांनी भरलेलीही. घोटाळा बहुधा या दोन टोकांच्या मधे होतो: रिमवर बसतो, दिसतोही बरा, पण त्या गाडीसाठी बनलेलाच नाही असा टायर गळ्यात पडतो.

माप वाचायचं कसं

जुन्या टायरवर ५.२०-१४ किंवा ५.९०-१५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, इंचात. दुसरा रिमचा व्यास, तोही इंचात. टायरची उंची यात कुठेच लिहिलेली नसते, आणि नवा टायर निवडताना खरी गरज तिचीच असते. उंचीचं रुंदीशी असलेलं प्रमाण काळाप्रमाणे बदलत गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ते जवळजवळ शंभर टक्के होतं, म्हणजे टायर जितका रुंद तितकीच त्याची भिंत उंच. पन्नाशीच्या दशकात ५.२०, ५.६०, ५.९०, ६.४० अशी मापं आली, त्यांत ते साधारण ९५ टक्के असतं. साठच्या दशकात ते ८०-८८ च्या घरात उतरलं. जुन्या रेडियलवर, म्हणजे आजच्या मोटारींना येतो त्या प्रकारच्या टायरवर, नुसतंच १६५ आर १५ असं छापलेलं असेल, मधला आकडा नसेल, तर ८० ते ८२ धरायचं.

आता हिशोब. प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची फियाट ११०० आणि मॉरिस मायनर १०००, तिघींचं माप ५.२०-१४. ५.२० ला २५.४ ने गुणलं की १३२ मिलिमीटर रुंदी. त्याचे ९५ टक्के म्हणजे १२५.५. वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळून २५१. त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवले की टायरचा पूर्ण व्यास ६०६.६ मिलिमीटर. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. दुकानदाराने काहीही पुढे केलं, तरी तो टायर या आकड्याच्या तीन टक्के अलीकडे-पलीकडे बसला पाहिजे.

१६५/८० आर १४ घेऊन पाहू. यात १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० हे उंचीचं टक्क्यांतलं प्रमाण, १४ रिमचा व्यास. १६५ चे ८० टक्के १३२, दोन भिंतींचे २६४, अधिक ३५५.६. व्यास ६१९.६, म्हणजे दोन टक्क्यांनी मोठा. चालेल. हे माप मारुती स्विफ्ट आणि डिझायरच्या खालच्या मॉडेलना येत होतं, त्यामुळे ते कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतं आणि चार-पाच कंपन्यांचे भाव ताडून घेता येतात. पद्मिनीवाल्याचा नातलग तो हा. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी जेमतेम ८२ ने चाललेली असेल, एवढाच फरक.

पण थांबा, रिमची रुंदी मोजायची राहिली. १६५/८० च्या टायरला साधारण ४ ते ५.५ इंच रुंदीची रिम लागते. ही रुंदी रिमच्या आतून मोजायची, टायर जिथे टेकतो त्या दोन कडांच्या मधली. बाहेरच्या वळलेल्या ओठापासून ओठापर्यंत मोजलं तर इंचभर जास्त दिसतं आणि हिशोब बिघडतो. जुन्या फियाट आणि मॉरिसच्या मूळ रिम अरुंद असतात. मोजमाप चार इंचांच्या खाली आलं तर १६५ चा मोह सोडा. टायर बसेल, पण दोन्ही भिंती आत ओढल्या जातील, मधला पट्टा फुगेल, आणि वळणावर गाडी रिमच्या वर डुलतेय असं वाटेल. अशा रिमला ५.२०-१४ चाच टायर हवा. तो मिळाला नाही तर १५५/८० आर १४ बघा. त्याचा व्यास ६०३.६ येतो, पण अरुंद रिम कंपनीच्या तक्त्यात बसते का, हे आधी विचारून घ्या.

अ‍ॅम्बेसेडरचं कोडं जरा अवघड आहे. ५.९०-१५ चा व्यास येतो ६६६ च्या आसपास. १५ इंचांचे टायर आज मुबलक आहेत, पण ते सगळे बुटक्या भिंतीचे. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५ घ्या: व्यास ६२१.५, म्हणजे साडेसहा टक्क्यांनी लहान. मीटर ८० दाखवतं तेव्हा गाडी ७५ च्याही आत असते, इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं, गाडी सव्वादोन सेंटिमीटर खाली बसते, आणि त्या गोलमटोल मडगार्डमध्ये चाक पोरकं दिसतं. बोलेरोचा २१५/७५ आर १५ उलट्या बाजूने चुकतो, ७०३ मिलिमीटर. तेव्हा अ‍ॅम्बेसेडरला पहिली मागणी ५.९०-१५ नायलॉन टायरचीच, म्हणजे तिरप्या थरांच्या जुन्या पद्धतीच्या टायरचीच करावी. ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत बाहेर पडत होती, त्यामुळे माप फार जुनं नाही. ते मिळालंच नाही तर १७५/८० आर १५ हे जवळचं माप: व्यास ६६१, फरक एक टक्क्याच्याही आत.

स्टँडर्ड हेराल्डवाले सुखी. ५.२०-१३ चा व्यास ५८१, आणि ह्युंदाई आय-टेनच्या १५५/८० आर १३ चा ५७८. फोक्सवॅगन बीटलचा ५.६०-१५ आणि रेडियल १६५ आर १५ हे दोन्ही ६५१ वर येतात, अगदी जुळी मापं. फक्त १६५ आर १५ आपल्याकडे रोजच्या विक्रीत नाही. युरोपात व्रेडेस्टाइन कंपनी स्प्रिंट क्लासिक नावाने जुन्या गाड्यांचे रेडियल काढते, त्यात हे माप आहे. ही डच कंपनी २००९ पासून आपल्या अपोलोच्या मालकीची आहे. म्हणून बीटलवाल्याने विचारपूस अपोलोच्या मोठ्या डीलरकडून सुरू करावी, अनोळखी दलालाकडून नको.

बसतो पण चालत नाही

६.००-१६ शोधताना दुकानदार हमखास एक स्वस्त टायर पुढे करतो. माप तेच, टायर नवा, रबर जाड. नक्षी पाहा: गोल फिरणाऱ्या तीन उंच पट्ट्या, मधे खोल सरळ खाचा. हा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर आहे. भिंतीवर एफ-२ असं लिहिलेलं असतं आणि वेगाचं चिन्ह ए६ किंवा ए८ असतं. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०. जीपच्या किंवा हलक्या व्यापारी गाडीच्या टायरवर जे, एल, पी असली अक्षरं येतात: १००, १२०, १५०. वेगाचं अक्षरच नसलेला टायर मोटारीला घेऊ नका.

ट्रॅक्टरचा टायर जाड असतो, म्हणूनच तो मोटारीवर धोक्याचा. टायर फिरताना दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो, त्यातून उष्णता तयार होते. जाड रबरातून ती बाहेर पडत नाही. शेतात ताशी दहा-पंधरा किलोमीटरला त्याचं काही वाटत नाही. महामार्गावर साठने अर्धा तास गेलं की आतले थर तापून एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही, फक्त स्टिअरिंगमध्ये एक हलकी थरथर येते. मग पट्टा उसवतो. शिवाय त्या सरळ खाचांमुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी पुढे सरकत राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तर ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५. त्यामुळे दोघांच्या किमतीतलं अंतर टिकून आहे आणि मोहही.

दुसरा सापळा खास आपल्या ऊसपट्ट्यातला. बैलगाडीला लागणारे हवेचे टायर ६.००-१९, ७.००-१९ अशा मापांत येतात. तीसच्या दशकातल्या कित्येक गाड्यांच्या रिम १९ इंची आहेत, उदाहरणार्थ १९३० आणि १९३१ ची फोर्ड मॉडेल ए, मूळ माप ४.७५-१९. बैलगाडीचा टायर उसाचं ओझं बैलाच्या चालीने ओढण्यासाठी केलेला असतो. मोटारीचा वेग, ब्रेक, वळणावरचा ताण यांपैकी कशाचाच विचार त्यात नाही. एका जागी उभ्या असलेल्या गाडीला, कार्यालयाच्या आवारात किंवा संग्रहालयात, तो लावला तर हरकत नाही. तिथेही चाकावर 'फक्त उभ्या गाडीसाठी' अशी पाटी बांधून ठेवावी, कारण पुढच्या मालकाला कुणी सांगेलच असं नाही.

तिसरी गोष्ट पीआर, म्हणजे टायरच्या सांगाड्याची ताकद सांगणारा आकडा. ७.००-१५ सारखी मापं हलक्या ट्रकना येतात आणि जुन्या ब्यूइकच्या मालकाला ती आपली वाटतात. ट्रकच्या टायरवर १० किंवा १२ पीआर लिहिलेलं असतं, मोटारीला मूळचा ४ किंवा ६ असतो. जास्त म्हणजे चांगलं, असा इथे हिशोब नाही. ओझ्याशिवाय तो टायर दबतच नाही. गाडी दगडासारखी उडते, टायर रस्त्याला मधल्याच भागाने टेकतो, आणि सगळे हादरे पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंगपिन आणि स्प्रिंगच्या पट्ट्या खातात. ६ पीआर मिळत असेल तर ८ घेऊ नका.

अमेरिकेत मस्टँग किंवा बीटल बाळगणाऱ्या मराठी वाचकांनाही असाच एक चकवा भेटतो. १४ आणि १५ इंची उंच भिंतीचे टायर तिथे मोटारींच्या दुकानांतून कमी होत चालले आहेत, पण मापाच्या आधी एसटी अक्षरं असलेले ट्रेलरचे टायर ढिगाने आणि स्वस्त मिळतात. ते ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठीच असतात, स्टिअरिंगच्या किंवा इंजिन जोडलेल्या चाकासाठी नाहीत. मापाच्या आधी पी अक्षर असलेलाच घ्यावा.

नवा दिसणारा जुना माल

पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर होत्या तोवर ५.२०-१४ चा खप ठरलेला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये उतरली. ती मागणी आटली, आणि असा माल आता जुन्या दुकानांच्या माळ्यावर सापडतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करत फिरलात तर कुणीतरी कागदात गुंडाळलेला, रबराचे बारीक केस अजून शाबूत असलेला टायर काढून दाखवेल. केस शाबूत म्हणजे टायर चाललेला नाही, एवढंच. तो ताजा आहे असं त्यातून काही ठरत नाही.

भिंतीवर लंबगोलात चार आकडे शोधा. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा, भाव करायची गरज नाही. आकडे एकाच बाजूला छापलेले असतात, तेव्हा टायर उलटून पाहा. सहा वर्षांपर्यंतचा माल पडून असेल तर सवलत मागून घ्यायला हरकत नाही. सहा ते दहाच्या मधला मोटारीला नको. दहाच्या पुढचा कितीही गुळगुळीत दिसला तरी तो रबराचा दागिना आहे.

न वापरता टायर खराब का व्हावा, हा रास्त प्रश्न आहे. रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात, ती पृष्ठभागावर येऊन हवेतल्या ओझोनपासून टायर वाचवतात. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तेव्हाच ती बाहेर येतात. पडून राहिलेल्या टायरमध्ये ती आतच राहतात आणि वरचा थर कोरडा पडून तडकतो. नखाने दाबून पाहा, आणि भिंत दोन्ही हातांनी वाकवून नक्षीच्या मुळाशी बघा: केसासारख्या रेघा तिथे आधी उमटतात. टायर मोटर किंवा कॉम्प्रेसरच्या शेजारी ठेवलेला असेल तर काम अधिकच बिघडतं, कारण विजेच्या मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

यातूनच पैसे वाचवायची एक सोपी वाट निघते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि अशी गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. वर्षाला पाचशे-हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा टायर घासून कधीच संपणार नाही, तो वयाने संपणार. तेव्हा 'ऐंशी हजार किलोमीटर चालतो' असल्या महागड्या टायरवर पैसे घालू नका. त्याच मापातला साधा, स्वस्त, पण गेल्या सहा महिन्यांत बनलेला टायर घ्या. आणि 'पुढे मिळेल न मिळेल' म्हणून दोन संच साठवू नका. दुसरा संच फळीवरच म्हातारा होतो.

नायलॉन की रेडियल

मूळ टायर नायलॉनचा असेल तर गाडीची स्टिअरिंग, स्प्रिंग आणि रिम त्याच हिशोबाने बनलेली आहे. रेडियल लावला की गाडी सरळ चालते, रस्त्यातल्या चाकोऱ्यांच्या मागे धावत नाही, ब्रेकही बरा लागतो. त्या बदल्यात उभ्या गाडीची स्टिअरिंग जड होते, कारण रस्त्याला टेकणारा भाग वाढतो. जुनी रिमही जास्त वाकते. व्हीलकॅप वारंवार उडून पडत असेल तर ते रिम वाकत असल्याचं लक्षण समजावं. नट बसतात त्या भोकांच्या भोवती आणि चकती रिमला जोडली आहे त्या रेषेवर तडे आहेत का, हे रंग खरवडून एकदा तरी पाहिलंच पाहिजे.

चारही चाकं बदलायला पैसे नाहीत म्हणून दोन रेडियल, दोन नायलॉन असं करायचंच झालं, तर एका अ‍ॅक्सलवर एकच प्रकार, आणि रेडियल मागे. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन लावलं तर वळणावर पुढचं टोक चिकटून राहतं आणि मागचं सुटतं, गाडी गर्रकन फिरते. हे ओल्या घाटात कळणं परवडणारं नाही. स्टेपनी कुठल्या प्रकारची आहे, तेही विसरू नका. पंक्चरच्या वेळी ती घाईत भलत्याच अ‍ॅक्सलवर चढते.

ट्यूब, वाल्व आणि पंक्चरवाल्याची घाई

आजचा बहुतेक रेडियल ट्यूबलेस असतो आणि जुनी रिम त्यासाठी बनलेली नसते. नव्या रिमच्या आत टायरची कड अडवून धरणारी एक उंच कंगोरी असते, जुन्यात ती नसते. हवा कमी झाली की वळणावर टायरची कड आत सरकते आणि सगळी हवा एकदम जाते. तारांच्या किंवा रिव्हेट मारलेल्या रिममधून तर हवा आपसूकच गळत राहते. तेव्हा जुन्या रिमला ट्यूब हवीच, आणि टायर रेडियल असेल तर ट्यूबही रेडियलसाठी असल्याचा छाप पाहून घ्यावी. तारांच्या रिमला तारांच्या टोकांवर रबरी पट्टीही.

ट्यूबलेस टायरच्या आत हात फिरवून पाहा. कागदी लेबलं, बारकोडाचे तुकडे चिकटवलेले असतात. ट्यूब आत असताना तेच लेबल पॉलिशकागदासारखं काम करतं आणि दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये ट्यूबला भोक पडतं. पंक्चरवाला ते कधीच काढत नाही, आपण आधी खरवडून काढायचं. मग आतून टाल्कम पावडर, जास्त नाही, फक्त हात घसरेल एवढी. ट्यूब किंचित फुगवून बसवायची, टायर चढवायचा, पूर्ण हवा भरायची, पुन्हा सगळी सोडायची आणि परत भरायची. दुसऱ्यांदा भरण्याला पाच मिनिटं लागतात म्हणून सगळे ते टाळतात. पण पहिल्या हवेत ट्यूबला पडलेली घडी त्यानेच सुटते. घडी राहिली तर ट्यूब तिथेच चिरते, आणि दोष टायरच्या माथी येतो.

टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा जुनं इंजिन ऑइल लावू देऊ नका, रबर फुगतं आणि कड रिमवर फिरत राहते.

वाल्वचं भोकही मोजा. जुन्या रिममध्ये ते बहुधा १६ मिलिमीटरच्या जवळपास असतं, त्याला टीआर-१५ वाल्वची ट्यूब लागते. हल्लीच्या मोटारींच्या ट्यूबला टीआर-१३ येतो, साडेअकरा मिलिमीटरच्या भोकाचा. बारीक वाल्व मोठ्या भोकात हलतो आणि ट्यूबशी जोडलेल्या मुळाशी कापला जातो. योग्य ट्यूब मिळाली नाही तर भोकात बसणारा रबरी बुश घाला. हे काम चाळीस-पन्नास रुपयांचं आणि ते न केल्याची किंमत एक ट्यूब, कधी कधी एक टायरही.

महायुद्धाच्या जीपची दोन भागांत बोल्टने जोडलेली रिम असेल तर तिचे नट सोडण्याआधी वाल्वची पिन काढून हवा शून्यावर आणा, आणि तरीही वाल्वमधून एक तार घालून खात्री करा. हवा असताना ते नट सुटले तर अर्धी रिम माणसाच्या अंगावर येते. टायर अडवायला सुटी लोखंडी कडी बसवलेल्या रिमचंही तसंच, हवा भरताना ती पिंजऱ्यात ठेवायची किंवा साखळीने बांधायची. नवशिक्या पंक्चरवाल्याने अशी रिम पाहिलेलीच नसते, त्याला आधी सांगा.

नातलगच नसेल तर

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या गाड्यांना हयात माप नाही. मॉडेल टीच्या टायरची कड रिमच्या वळलेल्या ओठात अडकते आणि हवेच्या दाबानेच जागेवर राहते. म्हणून त्यात ५५-६० पाउंड हवा ठेवावी लागते, कमी झाली तर टायर रिमवर फिरतो आणि वाल्व उपटतो. असे टायर, तसेच १९२८-२९ च्या मॉडेल एचा ४.५०-२१, अमेरिकेतल्या चॅटानूगाच्या कोकर टायरकडे आणि इंग्लंडच्या ब्लॉकली किंवा लाँगस्टोनसारख्या विक्रेत्यांकडे मिळतात.

पैसे पाठवण्याआधी कस्टमच्या दलालाला दोन गोष्टी विचारा. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या नव्या टायरला आयएस १५६३३ चा आयएसआय शिक्का लागतो, आणि जून २०२० मध्ये काही प्रकारचे नवे टायर आयातीच्या निर्बंधित यादीत टाकले गेले. आपलं माप त्यात येतं का, परवाना लागतो का, हे लेखी घ्या. टायर बंदरात अडकला की गोदामभाडं रोज चढतं आणि टायरच्या किमतीला मागे टाकतं. टायर जड नसतो, पण जागा फार खातो, त्यामुळे भाडं आकारमानावर लागतं. एकाने पाच मागवण्यापेक्षा तिघांनी मिळून पंधरा मागवले तर दर टायरमागचं भाडं बरंच उतरतं. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या मुंबईच्या संस्थेत त्याच मापाची गाडी कुणाकडे आहे, हे आधी काढावं.

देशी डीलरकडे विचारतानाही एक युक्ती उपयोगी पडते. काउंटरवरच्या पोराला 'फियाटचा टायर आहे का' असं विचारलं की 'येत नाही' हेच उत्तर मिळतं, कारण त्याच्या संगणकात मोटारींच्या यादीत ते नाव नसतं. माप सांगा, आणि कंपनीच्या पूर्ण दरपत्रकातली मोटार, जीप आणि हलकी व्यापारी वाहनं अशी तिन्ही पानं उघडायला लावा. असेल तर चार-पाच टायरची लेखी मागणी द्या, अनामत भरा, आणि बनावटीचा आठवडा पाहूनच उचलणार, हे पावतीवर लिहून घ्या.

रबर चढवणं आणि पांढरा पट्टा

गोटा झालेल्या जुन्या टायरवर रबर चढवून घेणं ट्रकला परवडतं, कारण ट्रकचा सांगाडा मजबूत आणि तरुण असतो. जुन्या मोटारीच्या टायरमध्ये नक्षी बहुधा शाबूत असते आणि सांगाडाच म्हातारा झालेला असतो. त्यावर नवं रबर म्हणजे खर्च उलट्या जागी. सेकंडहँड टायरलाही हेच लागू.

पांढऱ्या पट्ट्याची हौस असेल तर रिम आणि टायरच्या मधे बसणारी रबरी कडी स्वस्त मिळते. लग्नाच्या वरातीपुरती ती ठीक. रोजच्या चालण्यात तिच्याखाली धूळ शिरते आणि ती रेडियलची मऊ भिंत गोल घासत राहते. महिन्याला एकदा उचलून पाहा. खाली काळी भुकटी आणि चकचकीत झालेलं वर्तुळ दिसलं, तर कडी काढून टाका.

टायर चढल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, आणि मागे माणसं बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मडगार्डला कुठे घासत नाही ना ते पाहा, बोटभर जागा हवी. नायलॉनला हँडबुकातलीच हवा, रेडियलला त्याहून दोन ते चार पाउंड जास्त. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हवा दहा पाउंड वाढवा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत, आणि आठवड्याला चाक पाव फेरा पुढे ढकला. पावसाळाभर ठेवायची असेल तर चारी बाजूंना स्टँड लावून चाकं जमिनीपासून सुटी करा, आणि टायरवर ऊन येणार नाही असं गोणपाट टाका.